तिसऱ्या राऊंडला पाय जड का पडतात?

जिंतूर तालुक्यातल्या एका पोरीचं पत्र आलंय. वय २०, पोलीस भरतीची तयारी करायली, लेखीचा अभ्यास बरा चाललाय, गोळा आणि १०० मीटर जमतंय पण ८०० मीटरला गाडी अडकलीय. पत्र मोठं आहे, त्यातलं कामाचं तेवढं इथं देते:

"ताई, मला ८०० मीटरला ३ मिनिटं ५ सेकंद लागायलेत. २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत आलं तरच २० पैकी २० पडतात. मी रोज पहाटे डांबरी रस्त्यानं ५ किलोमीटर पळते, एक दिवस खाडा नाही. दर रविवारी झेडपी शाळेच्या ग्राउंडवर टायमिंग घेते, तिथं २०० मीटरचा एक राऊंड असे चार मारायचे. पहिल्या राऊंडला मीच सगळ्यात पुढं असते, ३६ सेकंद लागतात, दुसऱ्याला ४२, तिसऱ्याला ५१ आणि शेवटच्याला ५६. तिसऱ्या राऊंडपासून पाय असे जड पडतात की उचलतच नाहीत. अकॅडमीचे सर ओरडतात, ढांग मोठी टाक, ढांग मोठी टाक. मी टाकते पण अजूनच हळू होते. माझा स्टॅमिना कमी आहे का? रोजचे ५ चे ८ किलोमीटर करू का? नडगी पण दुखायली. आणि ते तळाला खिळे असलेले स्पाइकचे शूज घ्यावेत का, घरी पैसे मागायला जीव होत नाही."

लेकरा, तू एक काम लई चांगलं केलंस, दर राऊंडचं टायमिंग वेगळं लिहून पाठवलंस. नुसतं "३:०५ लागतात" एवढंच लिहिलं असतंस तर मला काहीच सांगता आलं नसतं, पण ३६, ४२, ५१, ५६ हे चार आकडे बघितले की सगळं दिसतंय. तुझा स्टॅमिना कमी नाही. तुझा पहिला राऊंड चुकतोय, आणि ढांगेचं जे चाललंय ते त्याच चुकीचं दुसरं टोक आहे. आता सावकाश वाच.

आधी साधा हिशोब कर. चारही राऊंड तू ४६ सेकंदांत मारलेस तर किती होतात? १८४ सेकंद, म्हणजे ३:०४. म्हणजे पहिला राऊंड आत्तापेक्षा तब्बल १० सेकंद हळू मारला, जवळपास गप्पा मारत पळल्यासारखा वाटेल इतका हळू, तरी तू आजच्यापेक्षा एक सेकंद आधी पोचतेस. चारही ४४ नं मारलेस तर २:५६. आणि २:५० साठी एका राऊंडला साडेबेचाळीस सेकंद लागतात, बस. तू तर ३६ नं पळून दाखवायलीस. म्हणजे जो वेग पाहिजे तो तुझ्या पायात आजच आहे, तुला तो चार राऊंड पुरवून वापरायचाय, एवढंच शिकायचंय.

आता हे असं का होतं ते सांगते, कारण ते कळलं नाही तर ग्राउंडवर बाकीच्या पोरी पुढं पळाल्या की तू परत त्यांच्या मागं सुटशील. उभ्यानं एकदम पळायला लागलं की पहिले काही सेकंद स्नायूंत साठवलेली तयार ताकद वापरली जाते, तिला ऑक्सिजन लागत नाही, म्हणून पहिले शंभर दीडशे मीटर कितीही जोरात पळालं तरी काहीच दुखत नाही, उलट मस्त वाटतं. हाच धोका आहे. श्वास आणि हृदय पूर्ण जोमात यायला एक मिनिट किंवा त्याहून जास्तच वेळ लागतो, तोपर्यंत शरीर जे काम ऑक्सिजनशिवाय करतं त्याची किंमत मागाहून वसूल होते. तू जितकी गरजेपेक्षा जोरात सुटशील तितकं ते उधार वाढतं, स्नायूंत आम्लपणा वाढत जातो, स्नायू आवळायचं आणि सुटायचं काम नीट करीनासे होतात, आणि तू म्हणतेस तसे पाय उचलतच नाहीत. आपल्याकडं सगळे "लॅक्टिक ॲसिड भरलं" म्हणतात. लॅक्टेट स्वतः काही विष नाही, शरीर ते इंधन म्हणून वापरतं सुद्धा, पण पाय भरून येतात हे खरंच आहे आणि ते तिसऱ्या राऊंडला येतात कारण बिल तेव्हा हातात पडतं. खर्च मात्र पहिल्या राऊंडला झालेला असतो. म्हणून तिसऱ्या राऊंडला कितीही जिद्द लावलीस तरी उपयोग होत नाही गं, तिथं जिद्दीची कमी नाहीच.

जगातला ८०० मीटरचा रेकॉर्ड केनियाच्या डेव्हिड रुडिशाचा आहे, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधला, १ मिनिट ४०.९१ सेकंद. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटा पुढं पळाला. त्याचे पहिले ४०० मीटर ४९.२८ सेकंदांत आणि दुसरे ५१.६३ सेकंदांत झाले. म्हणजे जगातल्या सगळ्यात फास्ट माणसाचा सुद्धा दुसरा भाग पहिल्यापेक्षा सव्वादोन अडीच सेकंदच हळू होता. तुझे पहिले ४०० मीटर ७८ सेकंदांत आणि दुसरे १०७ सेकंदांत, फरक २९ सेकंदांचा. ८०० मीटरला पहिला भाग थोडा फास्ट जातो हे चालतं, चांगले चांगले तसंच पळतात, पण थोडा म्हणजे दोन चार सेकंद. तुझ्यासाठी मी ४१, ४२, साडेत्रेचाळीस, साडेत्रेचाळीस असं मांडीन, बेरीज बरोबर १७० होते. हे आज लगेच होणार नाही. सुरुवातीला चारही राऊंड ४५ नं मार, मग ४४ नं, जमलं की अर्धा अर्धा सेकंद खाली ये. घाई करू नको.

यात सगळ्यात अवघड काय आहे माहितीये का? पळणं नाही. पहिल्या राऊंडला मागं राहणं अवघड आहे. तुला पुढं राहायची सवय आहे, शिट्टी वाजली की सगळ्या पोरी सुटतात, तू सातवी आठवी असशील आणि ग्राउंडच्या कडेला उभे असलेले ओरडतील की अगं पळ की, त्या बघ कुठं गेल्या. त्या वेळी स्वतःचा ४१ धरून राहायचं याला खरी हिंमत लागते. आणि हे डोक्यानं ठरवून होत नाही, पायांना सवय लावावी लागते. त्यासाठी २०० मीटरच्या राऊंडला बरोब्बर अर्ध्यावर, म्हणजे १०० मीटरला, एक विटेचा तुकडा ठेव किंवा फक्कीनं रेघ मार. भावाला नाहीतर मैत्रिणीला मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन तिथं उभं कर आणि तू तिथून जाताना मोठ्यानं सेकंद सांगायला लाव. साडेबेचाळीसच्या राऊंडला शंभरवर २१ सव्वाएकवीस ऐकू आलं पाहिजे. १८ ऐकू आलं तर तू परत जुन्यासारखीच सुटलीस, तिथंच सोडून दे, चालत ये आणि परत सुरू कर. काही आठवड्यांनी तुला न सांगता कळायला लागेल की हा २१ चा वेग आणि हा १९ चा. हे कळणं म्हणजेच पेस. घड्याळ नसलं तरी अंगाला समजतं.

आता ढांग. सरांचं म्हणणं पूर्ण चूक नाही, चांगल्या पळणाऱ्यांची ढांग खरंच मोठी असते. पण ती मोठी कशानं होते ते बघ. वेग म्हणजे पावलाची लांबी गुणिले एका मिनिटात पडणारी पावलं, यात दुसरं काही नाही. लांबी दोन प्रकारे वाढते. एक म्हणजे मागच्या पायानं जमीन जोरात मागं ढकलायची आणि अंग हवेत पुढं जाऊ द्यायचं. दुसरी म्हणजे पुढचा पाय गुडघ्यात सरळ करून लांब फेकायचा. पहिलीनं वेग येतो. दुसरीनं पाय कमरेच्या बराच पुढं टेकतो, टाच आपटते आणि जमीन तुला उलटी मागं ढकलते, म्हणजे सायकलला पायडल मारता मारता ब्रेक दाबल्यासारखं. दमलेल्या पायात ढकलायची ताकद उरलेली नसते, त्यामुळं "ढांग मोठी टाक" ऐकलं की माणूस दुसरीच गोष्ट करतो, पाय फेकतो. तू टाकतेस आणि अजून हळू होतेस ते याच्यामुळंच. आणि माझा अंदाज आहे की नडगी पण याच्यामुळंच दुखायली, नुसती रस्त्यामुळं नाही.

खरं खोटं तूच बघू शकतेस, त्याला कॅमेरा लागत नाही. आपल्याकडं गाडरस्त्याला फुफाटा असतो ना, मऊ मातीचा, तिथं वीस पंचवीस मीटरचा मोकळा पट्टा बघ, दगडगोटे नसलेला, आणि ८०० च्या वेगानं त्यावरून एकदा पळ. मग मागं येऊन खाली बसून ठसे बघ. पाय फेकणारीच्या ठशात टाचेचा खड्डा खोल असतो आणि माती ठशाच्या पुढच्या बाजूला सरकून साचलेली असते, कारण टाच पुढं घसरलेली असते. नीट पळणारीच्या ठशात पंजाकडचा भाग जास्त दाबलेला असतो आणि माती मागं उडालेली असते. मग दुसऱ्यांदा पळ, पण आता एकच गोष्ट डोक्यात ठेव, पाय माझ्या कमरेच्या जवळ खाली पडला पाहिजे. पाय टेकायच्या वेळी गुडघा थोडा वाकलेला असू दे. परत ठसे बघ. दोन ठशांतला फरक तुझ्या डोळ्यांनी दिसला की हे कुणी पटवून द्यायची गरज राहणार नाही. हां, पंज्यावरच पळायचं म्हणून टाच मुद्दाम वर धरून पळू नको, त्यानं पोटऱ्या आणि टाचेच्या मागची शीर धरते. पाय कुठं टेकतो हे महत्त्वाचं, पंजा आधी की टाच आधी हे तितकं नाही.

सरांशी वाद घालू नको. ते तुझ्या भल्याचंच बोलायलेत आणि दमलेल्या पोरीची ढांग आखूड झालेली त्यांना लांबून बरोबर दिसते. त्यांना एवढंच म्हण की सर, ढांग मोठी टाक ऐवजी मला मागं ढकल असं ओरडा. शब्द बदलला की अंग वेगळं वागतं. त्यांना ठसे दाखव वाटल्यास.

पावलं मोजायची पण सवय लाव. १५ सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकला ते मोज आणि ८ नं गुणाकार कर, म्हणजे मिनिटाची पावलं निघतात. मोबाईलवर सगळीकडं १८० पावलं पाहिजेत असं सांगतात. तो आकडा जॅक डॅनियल्स या अमेरिकन कोचमुळं प्रसिद्ध झाला, त्यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली होती आणि जवळपास सगळ्यांची १८० किंवा जास्त भरली. पण ते ऑलिंपिकच्या स्पर्धेत पळणारे लोक होते, सकाळी निवांत पळताना तुझी १६५ आली तर घाबरू नको, वेग कमी असला की पावलं पण कमी पडतात. मात्र ८०० च्या वेगाला १८५ ते १९५ च्या आसपास असावीत असं मला वाटतं, म्हणजे १५ सेकंदांत उजवा पाय २३ किंवा २४ वेळा. तुझा २:५० चा वेग सेकंदाला ४.७ मीटर आहे, १९० पावलं धरली तर एक पाऊल जवळपास दीड मीटरचं झालं. दीड मीटर काही फार नाही, बेतानं उंची असलेल्या पोरीला सुद्धा होतं. पहिल्या राऊंडला आणि चौथ्या राऊंडला दोन्हीकडं मोजून बघ. चौथ्याला पावलं कमी झाली असतील तर पाय फेकणं चाललंय. पावलं तेवढीच राहून वेग कमी झाला असेल तर ढकलायची ताकद संपलीय, मग ते पेसचं आणि ताकदीचं काम आहे.

दमल्यावर काय करायचं? हात हलवायचे. शेवटच्या राऊंडला पायाकडं लक्षच देऊ नको, पाय ऐकत नाहीत, हात ऐकतात. कोपर काटकोनात ठेव, कोपर मागं मार, हात छातीच्या मधल्या रेषेच्या पलीकडं जाऊ देऊ नको नाहीतर सगळं अंग पिळतं. खांदे कानाकडं चढतात ते खाली सोड, दात आवळू नको, मुठी सैल. हाताचा ठेका वाढला की पाय मागून येतातच. आणि कमर. दमलं की माणूस कमरेत बसतो, कमर बसली की पाय जास्त वेळ जमिनीवर राहतो आणि पाऊल आखूड होतं. आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे आहे ना, त्याची २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थची रेस मोबाईलवर बघ, ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची रेस. ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळालं, सोनं ०.०५ सेकंदानं हुकलं. शेवटच्या राऊंडला केनियाच्या पळणाऱ्यांच्या बरोबरीनं पळताना त्याची कमर कुठं आहे आणि हात कसे चाललेत तेवढंच बघ, आवाज बंद करून दोन तीनदा बघ. आपल्याच मातीतलं पोरगं आहे, शाळेला रोज पायी जाणारं, आणि शेवटच्या शंभरला त्याचं अंग किती सरळ आहे बघ म्हणजे मी काय म्हणायली ते कळेल.

आता एक गोष्ट जी तू विचारली नाहीस. तुमच्या शाळेचं ग्राउंड खरंच २०० मीटर आहे का? आणि तू कुठल्या रेषेनं पळतेस? फक्कीच्या आतल्या रेषेपासून २० सेंटीमीटर बाहेरून टेप धरून मोजतात, ती खरी लांबी. तू त्या रेषेपासून एक मीटर बाहेरून पळालीस तर एका राऊंडला ६.२८ मीटर जास्तीचे पडतात, ग्राउंड लहान असो का मोठं, गोल फिरून जागेवर आलं की तेवढेच पडतात. चार राऊंडचे २५ मीटर झाले. तुझ्या वेगाला २५ मीटर म्हणजे पाच सेकंदांहून जास्त! पाच सेकंद कमवायला महिनाभर घाम गाळावा लागतो आणि ते इथं वळणावर फुकट जातात. म्हणून आतली रेष धर, आणि कुणाला ओलांडायचं असेल तर सरळ भागात ओलांड, वळणावर तिच्या मागंच राहा. पीटी सरांकडं टेप असतो, एकदा सगळ्या पोरी मिळून ग्राउंड मोजून घ्या. ते १९० भरलं तर तुझं ३:०५ खोटं आणि २१० भरलं तर तू समजतेस त्यापेक्षा चांगली आहेस.

रोजचे ५ चे ८ करू नको. तुझ्याकडं लांब पळायची कमी नाही, कमी आहे ती ८०० च्या वेगानं पळायच्या सरावाची. रोज एकाच वेगानं तेच ५ किलोमीटर पळून शरीर तेवढ्याच वेगात पक्कं होतं. मी आठवडा असा मांडीन: दोन दिवस ग्राउंडवर वेगाचं काम, एक दिवस २० मिनिटं जरा जोरात, म्हणजे तुटक तुटक बोलता येईल इतपत, दोन दिवस निवांत ३५-४० मिनिटं, मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोलत बोलत, एक दिवस नुसती ताकद आणि गोळा, एक दिवस पूर्ण सुट्टी. सुट्टी म्हणजे सुट्टी, खाडा नाही, स्नायू त्याच दिवशी बांधले जातात. वेगाच्या पहिल्या दिवशी २०० मीटर आठ वेळा, ठरवलेल्या पेसनंच, मधी दीड दोन मिनिटं चालत विश्रांती. आठवा राऊंड पहिल्याइतकाच आला पाहिजे, पहिला ३९ आणि आठवा ४७ असं नको. दुसऱ्या दिवशी ६०० मीटर एकदा ८०० च्या पेसनं, मग आठ दहा मिनिटं बसून चालून पूर्ण दम खाऊन ३०० मीटर, परत दम खाऊन २००. हे ६०० फार कामाचं आहे, कारण तुझी खरी परीक्षा ४०० ते ६०० मध्येच आहे, सगळ्यांचं तिथंच सुटतं. निवांत पळण्याच्या शेवटी ८० मीटरच्या पाच सहा पट्ट्या, म्हणजे छोट्या धावा मार, मोकळ्या, चपळ, जीव न काढता. तिथंच कमरेखाली पाय टाकायचा सराव होतो. ताकदीच्या दिवशी उठाबशा, पायऱ्यांवर एका पायानं चढणं, पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर टाचा वरखाली, दोरीवरच्या उड्या, आणि जवळ एखादा चढ असेल तर ६०-७० मीटरच्या सहा चढण्या. चढावर पाय फेकताच येत नाही, आपोआप मागं ढकलावं लागतं.

आणि दर रविवारी ८०० चं टायमिंग घेणं आजच बंद कर. तीन आठवड्यांतून एकदा घे. दर रविवारी जीव काढून पळायचं, परत ३:०५, परत मन खट्टू, यातून काही शिकणं होत नाही.

नडगीचं सांगते. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, रोज एकाच बाजूनं पळालं की एक पाय सतत तिरका पडतो. जमेल तेवढं पळणं ग्राउंडवर किंवा कच्च्या रस्त्यावर ने, पण आपली काळी रानं उन्हाळ्यात भेगाळतात, तिथं पाय अडकून मुरगळतो, रान नको. रस्त्यानंच जायचं असेल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं पळ, अंगात फिक्या रंगाचा टी-शर्ट घाल आणि उसाच्या सीझनला पहाटेच्या अंधारात तो रस्ता सोडूनच दे, ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीला बऱ्याचदा लाईट नसतात. एकटी जाऊ नको. नडगीच्या हाडावर बोटानं दाबून बघ. लांबवर पट्ट्यासारखं दुखत असेल तर पळणं आठवडाभर निम्म्यावर आण, बर्फ लाव, पोटऱ्या मोकळ्या कर. पण एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेवर कळ येत असेल, चालताना आणि रात्री पण ठणकत असेल तर पळणं पूर्ण बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडं जा, हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, त्यावर पळून कुणाचं भलं झालेलं नाही.

अजून एक, आणि हे टाळू नको. हिमोग्लोबिन तपासून घे. प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर ग्रामीण रुग्णालयात होतं. रक्तातला ऑक्सिजन स्नायूंपर्यंत हिमोग्लोबिनच नेतं आणि बायकांचं १२ च्या खाली असलं तर त्याला ॲनिमिया म्हणतात. आपल्याकडच्या किती पोरी ९-१० वर पळायला लागतात आणि स्वतःला आळशी समजतात, मला हे बघून फार वाईट वाटतं. कमी निघालं तर डॉक्टर देतील त्या लोहाच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणं घे, जेवणाला लागून चहा घेऊ नको, त्यानं लोह अंगी लागत नाही, आणि ताटात लिंबू पिळ. भाकरी, डाळ, हरभरा, शेंगदाणे, अंडी चालत असतील तर अंडी, पोटभर खा. वजन कमी करायच्या नादात उपाशी पळू नको. पाळी लांबली किंवा थांबली तर "पळण्यानं होतं" म्हणून सोडून देऊ नको, ते कमी खाण्याचं लक्षण असू शकतं आणि त्यानं हाडं ठिसूळ होतात, डॉक्टरला दाखव. मापाची चांगली स्पोर्ट्स ब्रा घे, त्याची लाज वाटून घेऊ नको, छाती आवळून वाकून पळालं की हातही नीट चालत नाहीत आणि श्वासही पूर्ण येत नाही.

ग्राउंडच्या दिवशी पहाटेपासून लाईनीत बसावं लागतं, नंबर कधी येईल सांगता येत नाही. सोबत केळी, गूळ शेंगदाणे, पाणी ठेव, रिकाम्या पोटी आणि तुडुंब पोटी दोन्ही नको. तुझी बॅच यायच्या अर्धा तास आधी हलकं पळायला लाग, शेवटी दोन तीन पट्ट्या जोरात मार म्हणजे श्वास आणि हृदय आधीच जागं होतं आणि पहिल्या राऊंडला उधार कमी होतं. शिट्टी झाल्यावर पहिले ५०-६० मीटर चपळ पळून जागा घे, कोपराकोपरीत अडकून पडू नको, आणि लगेच तुझ्या पेसवर ये. तिथलं ग्राउंड ४०० मीटरचं असेल तर राऊंड दोनच, मग पहिल्या राऊंडला ८३ च्या आसपास लक्षात ठेव. ५०० मीटरपासून पोरी मागं यायला लागतील. येतीलच, कारण त्या तुझ्यासारख्याच ३६ नं सुटलेल्या असतील. एकेक मोजत पुढं जा, सरळ भागात.

राहिले स्पाइक. पैसे घालवू नको. भरतीत ते चालतात का हे जाहिरातीत आणि हॉलतिकिटाच्या सूचनांत वाच, चालत असले तरी सवय नसताना घालशील तर पोटऱ्या आणि नडगी अजून धरेल. त्यापेक्षा हलके, मापाचे, अंगठ्यापुढं बोटभर जागा राहील असे साधे रनिंग शूज घे, संध्याकाळी जाऊन घे कारण तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, आणि ग्राउंडच्या आधी निदान दोन तीन आठवडे तेच घालून पळ. आत्ताच्या शूजचा तळ बघ, टाचेची मागची कड एकदम झिजलेली असेल तर बदलायची वेळ झालीय.